वाचकांचे प्रश्न: काउंटी फेअरमध्ये बोली लावण्याआधी

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बऱ्याच काउंटी फेअरमध्ये (जिल्ह्याच्या जत्रेत) फोर-एच आणि एफएफए या शेती-पशुपालन शिकवणाऱ्या संघटनांमधल्या मुलांनी वाढवलेल्या जनावरांचा लिलाव होतो. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न: ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या मुलाने स्वतः येऊन हाताने लिहिलेलं पत्र दिलं. फेअरमध्ये त्याचं डुक्कर विकायला आहे, लिलावाला या म्हणाला. हजारेक डॉलर खर्च करायची आमची तयारी आहे. बोली लावायची कशी? (आयोवा)

पहिल्यांदा जाणारे हमखास एका ठिकाणी फसतात. डुक्कर, कोकरू, बोकड आणि स्टीअर (मांसासाठी वाढवलेला खच्ची बैल) यांची बोली बहुतेक फेअरमध्ये जिवंत वजनाच्या दर पौंडावर चालते. लिलाव पुकारणारा ‘चार’ म्हणतो तेव्हा २६५ पौंडांच्या डुकराचे १,०६० डॉलर झालेले असतात. म्हणून आधी लिलावाची यादी हातात घ्या. तीत विक्रीचा क्रम, मुलाचं नाव आणि वजन छापलेलं असतं. तुमच्या हजाराला वजनाने भागा, येणारा आकडा (इथे ३ डॉलर ७५ सेंट) समासात लिहा आणि त्यापुढे हात वर करू नका. ससे आणि कोंबड्या मात्र बहुधा तीन-तीनच्या गटाने विकतात आणि तिथे बोली सबंध गटाची असते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लिलाव कोणत्या प्रकारचा आहे हे नोंदणीच्या टेबलावर विचारा. काही ठिकाणी तुम्ही जनावरच विकत घेता. काही ठिकाणी बोली फक्त ‘प्रीमियम’ची असते: जनावर बाजारभावाने मांस कंपनीला जातं आणि तुमचे पैसे मुलाला वरची रक्कम म्हणून मिळतात. मांस न्यायच्या तयारीने गेलेल्या माणसाला प्रीमियमच्या लिलावातून रिकाम्या हाताने परतावं लागतं. तिसरी सोय ‘बायबॅक’ची. समजा तुम्ही १,०६० डॉलरला डुक्कर घेतलंत आणि कंपनीचा ठरलेला भाव पौंडाला ६० सेंट आहे. डुक्कर कंपनीला सोडलंत तर १५९ डॉलर वजा होतात आणि तुम्हाला ९०१ भरावे लागतात. मुलाला ठरलेलं सगळं मिळतं, त्यातून काही फेअर थोडं कमिशन कापतात.

नोंदणी केली की क्रमांकाचं कार्ड मिळतं. रिंगणातले मदतनीस बोली हेरून ओरडतात, तेव्हा कार्ड स्पष्ट वर धरा आणि थांबायचं असेल तर ‘नाही’ अशी मान ठामपणे हलवा. बोली तुमच्यावर तुटली की एकजण सहीसाठी चिठ्ठी आणतो. जनावराचं पुढे काय करायचं, म्हणजे खाटकाकडे, बायबॅक की दान, हे त्या चिठ्ठीवरच ठरतं. गडबडीत रकाना कोरा राहिला तर फेअरच्या नियमात लिहिलेला पर्याय लागू होतो. बोली तुटल्यावर जनावर मेलं किंवा तपासणीत बाद झालं तर नुकसान कोणाचं, तेही त्याच नियमांत वाचून घ्या.

आमचं एक मत स्पष्ट सांगतो. ग्रँड चॅम्पियन, म्हणजे स्पर्धेत पहिली आलेली जनावरं, सुरुवातीलाच विकले जातात आणि त्यांना गिऱ्हाइकांची वाण नसते. शेवटच्या तासात मांडव रिकामा होतो आणि तितक्याच कष्टाने वाढवलेली जनावरं कमी भावात जातात. साधारण ५० पौंडांचं पिल्लू २६५ पौंडांचं करायला मुलाला सुमारे ६५० पौंड खाद्य घालावं लागतं (एक पौंड वजनाला तीन पौंड), आणि बहुतेकदा ते पैसे घरून उसने घेतलेले असतात. ओळखीच्या मुलाला चांगला भाव आधीच मिळाला, तर तुमचे हजार डॉलर यादीच्या शेवटी असलेल्या मुलासाठी राखा. तिथे ते फार कामी येतात.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. मुलीच्या मैत्रिणीचा बोकड लिलावात आहे. तो घेऊन पाळता येईल का? (कॅलिफोर्निया)

तसं गृहीत धरू नका. बरेच लिलाव ‘टर्मिनल’ असतात, म्हणजे विकलेलं प्रत्येक जनावर कत्तलीलाच जातं आणि खरेदीदारालाही ते घरी नेता येत नाही. तुमच्याच राज्यात २०२२ मध्ये शास्ता डिस्ट्रिक्ट फेअरमध्ये एका लहान मुलीच्या ‘सीडर’ नावाच्या बोकडावरून हे प्रकरण पेटलं. कुटुंबाने तो कत्तलीला द्यायला नकार देऊन दुसरीकडे हलवला, शेरीफच्या माणसांनी तो ताब्यात घेतला आणि पुढे तो कापला गेला. कुटुंबाने काउंटी आणि शेरीफच्या कार्यालयावर भरलेला दावा २०२४ मध्ये ३ लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. मैत्रिणीला आपला बोकड नंतर सोडवून आणता येईल असं वाटत असेल, तर तिच्याशी आणि तिच्या पालकांशी लिलावात नाव देण्याआधी बोला. नंतर उपाय फार थोडे उरतात.

मदत करायला जनावर घ्यावंच लागत नाही. ‘अ‍ॅड-ऑन’ म्हणून २५ किंवा ५० डॉलर थेट तिच्या नावावर जमा करता येतात, आणि अनेक फेअर ते लिलावानंतरही काही दिवस घेतात. फॉर्मवर मुलीचं नाव आणि लॉट क्रमांक (यादीतला जनावराचा क्रमांक) दोन्ही लिहा.

प्रश्न: ८५ पौंडांचा खच्ची बोकड घेतला तर मटण किती निघेल? आणि खाटकाला रश्श्याचे तुकडे कसे सांगायचे? (टेक्सास)

सोलून, साफ करून टांगलेलं धड जिवंत वजनाच्या साधारण निम्मं, म्हणजे ४२ पौंडांच्या आसपास. हाडासकट तुकडे करून घेतले तर त्यातलं बहुतेक सगळं तुमच्या घरी येतं. बिनहाडाचं मागाल तर बरंच हातचं जाईल. कापण्याचं शुल्क मात्र अनेक ठिकाणी टांगलेल्या धडाच्या वजनावर लागतं, शिवाय मारण्याचं वेगळं.

खाटीक तुम्हाला ‘कट शीट’, म्हणजे मांस कसं कापायचं ते लिहायचा फॉर्म, देईल. त्यात चॉप्स आणि रोस्टचे रकाने असतात, रश्श्याचा नसतो. तेव्हा मोकळ्या जागेत लिहा: संपूर्ण बोकड, हाडासकट, दीड इंची तुकडे, मान आणि बरगड्यांसह, दोन पौंडांची पाकिटं. कलेजी, गुर्दे, मुंडी, पाय हवे असतील तर तेही आधीच लिहा, कारण न सांगितल्यास ते टाकून दिले जातात. शीट वेळेत पोचली नाही तर खाटीक त्याच्या पद्धतीने कापून मोकळा होतो. हलाल हवं असेल तर तशी सोय असलेला खाटीक फेअरच्या यादीत आहे का, हे बोली लावण्याआधी पाहा. पाकिटांवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असेल तर ते मटण घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठीच. विकता येत नाही, आणि दान करायचं असेल तर अन्नछत्राला आधी विचारावं लागतं. फ्रीझरमध्ये एका घनफुटात साधारण ३५ ते ४० पौंड मावतात.

प्रश्न: या खर्चावर करात सूट मिळते का? (ओहायो)

मुलाला व्यक्ती म्हणून दिलेली रक्कम धर्मादाय देणगी ठरत नाही. पैसे करसवलतीला पात्र असलेल्या संस्थेला गेले असतील तर बाजारभावापेक्षा जास्त दिलेल्या भागाचाच विचार होतो, आणि त्यासाठी संस्थेची लेखी पावती लागते. दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावाने बोली लावली आणि ते नाव पुकारलं किंवा छापलं गेलं, तर जाहिरात खर्च म्हणून दाखवता येईल का, हे तुमच्या हिशेबनीसाला विचारा. लिलावाचं बिल आणि त्या दिवशीच्या बाजारभावाची नोंद मात्र दोन्ही बाबतींत जपून ठेवा.