वजनाची वही जरा मिटून ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी पाठवलेलं. त्यातले आकडे मी मोजले, चौदा निघाले. जन्माचं वजन २.३ किलो, चौथ्या दिवशी २.१४, अकराव्या दिवशी २.२९, लांबी, डोक्याचा घेर, आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा अंदाज, पर्सेंटाइल, वर तुझ्या मित्राच्या मुलाचं वजनसुद्धा. लेक कोणासारखी दिसते, रडते कशी, याबद्दल मात्र एक ओळ नाही.

आधी कामाचं सांगून टाकते. मी नवजात बाळांच्या वॉर्डात उभी हयात घालवली, त्यामुळे गप्पांच्या आधी हेच तोंडावर येतं. तिनं दूध ओढायचं सोडलं, उठवूनही उठेना, पोट आणि पावलं गार पडली आणि छातीशी धरूनही ऊब येईना, अंग तापलं, झटके आले, शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजलेले श्वास साठ किंवा त्याच्या वर गेले, श्वासागणिक छाती आत ओढली जायला लागली, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, यांतलं एक जरी दिसलं तरी मला लिहीत बसू नकोस. तडक दवाखाना गाठ, रात्रीचे तीन असले तरी. लहान चणीच्या बाळांकडे साठा कमी असतो. त्यांची साखर आणि ऊब दोन्ही लवकर उतरतात, म्हणून इथे वाट पाहायची नसते.

आणि यांतलं काहीच नसेल, दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होत असतील, पिऊन झाल्यावर आवळलेल्या मुठी सैल पडत असतील, तर पुढचं निवांत वाच.

तू लिहिलंस, “मावशी, ती फक्त पाचव्या पर्सेंटाइलवर आहे.” त्यातलं ‘फक्त’ मला कळलं. जन्मभर परीक्षा दिलेला माणूस तू, पाच म्हटल्यावर तुला शंभरपैकी पाच गुण दिसले. अरे, हे गुण नव्हेत, ही रांग आहे. तितक्याच आठवड्यांच्या शंभर मुली वजनाप्रमाणे ओळीनं उभ्या केल्या, सगळ्यात हलकी पुढे, तर तुझी लेक पुढून पाचवी. साऱ्या जगातली बाळं उद्या गुटगुटीत झाली, तरी पाचव्या जागेवर कोणी ना कोणी उभं असणारच.

तुला खोटा दिलासा मात्र देणार नाही. दहाव्या पर्सेंटाइलच्या खालच्या बाळांना डॉक्टर वेगळं काढून नीट पाहतात, आणि पाहायलाच हवं. त्या गर्दीत दोन प्रकारची बाळं मिसळलेली असतात. काही मुळातच लहान चणीची. काही अशी, की ज्यांना आणखी वाढायचं होतं पण पोटात पुरेसं मिळालं नाही. नुसत्या वजनावरून ती ओळखू येत नाहीत, म्हणून बाकीच्या तपासण्या. जन्माचं वजन कमी कधी म्हणायचं यासाठीची जागतिक आरोग्य संघटनेची २५०० ग्रॅमची रेघही अशीच, जास्त लक्ष कुणाकडे द्यायचं ते सांगणारी. २४९० ग्रॅमचं बाळ आजारी आणि २५१० ग्रॅमचं ठणठणीत, असा तिचा अर्थ नाही.

जन्मानंतरच्या वाढीच्या ज्या तक्त्यात तू डोकं घालून बसला आहेस तो त्याच संघटनेचा, २००६ साली निघाला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली साडेआठ हजारांच्या आसपास मुलं मोजून. मुलंही निवडून घेतलेली: आईचं दूध पिणारी, घरात ददात नसलेली, आई सिगारेट न ओढणारी. म्हणजे ज्यांच्या वाढीला कशाचीच आडकाठी नव्हती, अशी. आणि तरीही त्यांच्यातली शंभरातली तीन सगळ्यात खालच्या रेघेखाली आहेत. रेघच तशी आखलेली असते. शिवाय मुलींचा तक्ता वेगळा. जन्मतः मुलग्यांची मधली रेघ ३.३ किलोवर, मुलींची ३.२ वर. तुझ्या मित्राचा मुलगा हा मुलगा, घरातलं दुसरं अपत्य आणि चाळीस आठवडे पुरे भरलेला. तुझी लेक पहिली आणि अडतिसाव्या आठवड्यात आलेली. पहिली बाळं पाठच्या भावंडांपेक्षा बहुधा थोडी हलकीच असतात. ही तुलना तू पहाटे तीन वाजता केलीस म्हणून माफ, दिवसाढवळ्या केली असतीस तर कान धरला असता.

आता ती सोनोग्राफी. आठव्या महिन्यात त्या पडद्यावर आलेल्या आकड्यानं तुमची झोप उडवली, असं म्हणतोस. तिथे बाळाला कोणी काट्यावर ठेवलेलं नसतं. डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजतात आणि सूत्रात घालून वजनाचा हिशेब काढतात. तो हिशेब दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे सहज होतो. दोन किलो लिहिलेलं बाळ प्रत्यक्षात १.७ चं असू शकतं आणि २.३ चंही. म्हणून चांगला डॉक्टर एका तपासणीवर निकाल देत नाही, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहतो. पोटाच्या घेरावर त्याची खास नजर असते, कारण बाळाला कमी पडायला लागलं की आधी यकृतातला साठा आटतो, मेंदूला मात्र शरीर शेवटपर्यंत जपतं. गर्भजल पाहतो. आणि डॉपलर, म्हणजे नाळेतून रक्त मोकळं वाहतंय का ते. तुझ्या पत्रात चौथ्या ओळीत लिहिलं आहेस, “डॉपलर नॉर्मल होतं,” आणि पाचव्या ओळीत पुन्हा वजन सुरू. सगळ्या पत्रातला सर्वांत मोलाचा शब्द तूच लिहून ओलांडून गेलास!

बाळ किती मोठं होणार हे बापाच्या उंचीवर ठरतं असं तुला वाटतं, म्हणून स्वतःची उंची कळवलीस. तुला घोड्यांची गोष्ट सांगते. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या दोघा शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शायर जातीचे धिप्पाड घोडे आणि शेटलंडची बुटकी तट्टं यांचा त्यांनी कृत्रिम रेतनानं संकर केला, दोन्ही बाजूंनी. आई शायर आणि बाप शेटलंड असेल तर शिंगरू जन्मतःच दणकट. आई शेटलंड आणि बाप शायर असेल तर शिंगरू इवलंसं. आनुवंशिक भांडवल दोघांकडे जवळपास सारखंच, पण जन्माच्या वेळचं आकारमान आईच्या शरीरानं ठरवलं. शेटलंड घोडीनं काही चूक केली नव्हती. तिच्या पोटात जेवढी जागा आणि जेवढा पुरवठा, त्या बेतानं शिंगरू वाढलं, म्हणून तर ते सुखरूप बाहेर येऊ शकलं. तुझी बायको किती ठेंगणी आहे ते मला ठाऊक आहे. तिचं स्वतःचं जन्माचं वजन किती होतं, हे तिच्या आईला कधी विचारलंस का? विचार. मला उत्तराचा अंदाज आहे.

आणि तिच्याशी बोल. तुझ्या चौदा आकड्यांत ती कुठेच नव्हती, आणि त्याच घरात बसून ती मनातल्या मनात नऊ महिन्यांची उजळणी करत असणार: त्या दिवशी जिना चढले, त्या आठवड्यात जेवण गेलं नाही, शेवटपर्यंत काम करत राहिले. गर्भारपणातलं धूम्रपान, वाढलेला रक्तदाब, काही संसर्ग, वारेतले दोष यांनी बाळाचं वजन घटतं. तिच्या बाबतीत यांतलं काही नव्हतं असं डॉक्टरांनीच सांगितलंय ना? मग जिन्यानं वजन घटत नाही. हे तिला तू सांगायचं, तक्ता न दाखवता.

आता खरा मुद्दा, वजनाची वही. तू रोज दोनदा वजन करतोस, कधी पाजण्याआधी, कधी नंतर, कधी लंगोटासकट. मी नवी असताना एका आईला असंच रडवलं होतं. आदल्या दिवशीचं वजन एका काट्यावर केलेलं, दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्यावर केलं, तेही दुपटं बाजूला काढून. आदल्या दिवशी ते दुपट्यासकट झालं होतं हे मी विचारलंच नाही. एका रात्रीत बाळ दीडशे ग्रॅमनी घटलं असं त्या माउलीला सांगून मोकळी झाले. संध्याकाळी घोटाळा कळला. मी माफी मागितली, तिनं दिलीही, पण मधले सहा तास मी तिला परत देऊ शकले नाही.

बाळाच्या पोटात दूध असतं, लघवी असते, शी असते. पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे होणं म्हणजे वाढ नव्हे आणि घटही नव्हे. तुझेच आकडे माझ्या पद्धतीनं वाच. पहिल्या चार दिवसांत १६० ग्रॅम उतरले, म्हणजे सात टक्के. बहुतेक सगळी बाळं सुरुवातीला अशी उतरतात, दहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर आपण सावध होतो. त्यानंतर सात दिवसांत १५० ग्रॅम चढले, म्हणजे रोजचे वीसेक. पहिल्या तीन महिन्यांत रोज वीस-तीस ग्रॅम, हीच चाल हवी असते. जन्माचं वजन दहा ते चौदा दिवसांत परत यावं अशी अपेक्षा असते, तुझी लेक अकराव्या दिवशीच त्याला दहा ग्रॅम कमी एवढ्यावर येऊन उभी आहे. चढती रेघ तुझ्याच वहीत आहे आणि तू तिच्यातला एकेक ठिपका धरून घाबरतो आहेस. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगानं, साधारण त्याच वेळेला. बास.

मोकळ्या झालेल्या वेळात काय करायचं? सदरा काढून बस आणि लेकीला फक्त लंगोट आणि टोपी घालून छातीवर उभी धर, वरून दोघांवर पांघरूण. १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या एका रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी आयांच्या छातीवर बाळं बांधायला सुरुवात केली, तीच ही कांगारू पद्धत. नाइलाजानं निघालेली गोष्ट इतकी गुणकारी ठरली, की लहान आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आज जागतिक आरोग्य संघटनाच तिची शिफारस करते, आणि दिवसातले जितके जमतील तितके तास. बाळ उबदार राहतं, थंडीशी झगडण्यात खर्च होणारी शक्ती वाढीकडे जाते. बापाच्या छातीलाही तितकीच ऊब असते. केसाळ असली तरी चालते, मला विचारणारे कितीतरी बाप भेटले आहेत. एवढंच बघ, तिचं नाक मोकळं हवं आणि तुला डुलकी लागता कामा नये. झोप आली की तिला उचलून तिच्या जागेवर ठेवायचं.

पाजण्याचं असं. अशी बाळं भूक लागली तरी झोपून राहतात, रडून मागायला त्यांच्यात जोर नसतो. सध्या दोन-तीन तासांनी तिला उठवून अंगावर घ्यायला सांग, रात्रीसुद्धा. तळवे चोळले, लंगोट बदलला की डोळे उघडतात. उठवायचं काम तुझं, पाजायचं तिचं. ‘झोपलेल्या बाळाला उठवू नये’ म्हणणारी माणसं घरी येतीलच, त्यांना पाणी विचार आणि लेकीला उठव. वजन भराभर वाढावं म्हणून डॉक्टरांनी न सांगता वरच्या दुधाचे डबे सुरू करू नकोस. जन्मतः लहान असलेल्या मुलांना घाईनं लठ्ठ केलं तर मोठेपणी रक्तदाब-मधुमेहाचा धोका वाढतो. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब किती आणि कधी ते डॉक्टर सांगतील, ते चुकवू नकोस, कमी वजनाच्या बाळांना लोह इतरांपेक्षा लवकर लागतं.

पुढचं विचारलं आहेस: ती अशीच राहील का? पोटातल्या दिवसांच्या मानानं लहान जन्मलेल्या दहा मुलांपैकी साधारण नऊ मुलं दोन वर्षांची होईपर्यंत उंचीची कसर भरून काढतात, त्यातली बरीचशी पहिल्या काही महिन्यांतच. पहिल्या दोन वर्षांत मुलं तक्त्यावरच्या रेघा बदलतात, वरची खाली येतात, खालची वर जातात, आईबापाच्या अंगलटीकडे सरकतात. दोन वर्षांनंतरही उंची फारच मागे राहिली तर वाढीच्या तज्ज्ञाला दाखवायचं, त्यावर उपाय आहेत. पण ते दोन वर्षांनंतरचं. आज ती अकरा दिवसांची आहे.

लोक बोलणार. “एवढंसंच?” हा शब्द तुला महिनाभर तरी ऐकायला मिळेल. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ म्हणून समजूत काढणारे त्याहून वैताग देतील. दोघांनाही हसून सोडून द्यायचं.

मुलाची वाढ रेघेनं मांडता येईल अशी पहिली नोंद कोणी केली माहीत आहे? फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या सरदारानं. १७५९ पासून १७७७ पर्यंत, अठरा वर्षं, तो आपल्या मुलाची उंची मोजत राहिला, आणि त्याचा मित्र बुफाँ यानं ते आकडे छापले. त्या नोंदीत दुसरं मूलच नव्हतं. तो कितवा आहे हे सांगायला कोणी नव्हतं, मागच्या खेपेपेक्षा किती वाढला एवढंच बापाला दिसायचं. त्याचं मला कधीकधी भलतं कौतुक वाटतं. तो माणूस सहा-सहा महिने थांबायचा. तुला सात दिवस थांबायचंय.

तर काटा उचल आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेव. तुझा हात तिथे पोचतो हे मला माहीत आहे, म्हणून त्याच्यावर जड गाद्या रच. पुढच्या पत्रात वजन लिहिलंस तर चालेल, पण शेवटच्या ओळीत. आधी मला कळव, तिचे कान कोणावर गेलेत.

तुझी,
मावशी