टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये कुठल्या भागात डास कमी असतात? घर उपांगात घ्यावं की मसाकीला?

(प्रश्नात पुढे लिहिलंय: नवऱ्याची बदली झाली आहे, जूनमध्ये जाणार, मुलगी चार वर्षांची आहे आणि आफ्रिकेतल्या मलेरियाच्या नावाने सगळे घाबरवतायत.)

घर बघायला जाल तेव्हा दलालाकडे आधी गच्चीची किल्ली मागा. हॉल, किचन, समुद्र दिसतो का वगैरे नंतर. किल्ली मिळायला अर्धा तास लागला तर ते घर घेऊ नका, मग ते उपांगात असो की मसाकीत.

हे एवढ्या ठसक्यात सांगतेय कारण २००९ ते २०१८ मी दारमध्ये काढली, सगळी वर्षं उपांगातच. (तिथे सगळे नुसतं 'दार' म्हणतात. पहिले सहा महिने मला प्रत्येक वेळी कुणीतरी बेल वाजवल्यासारखं वाटायचं.) आमची चार मजली बिल्डिंग, सोळा बिऱ्हाडं, बहुतेक गुजराती, मराठी तिघेच. त्या तिघांतले एक काका. ऐंशीच्या दशकात आलेले, मूळचे गिरगावचे. पाण्याचा पंप, वॉचमनचा पगार, रंगकाम, सगळं त्यांच्या हातात. माणूस वाईट नाही. आम्ही उतरलो त्या दिवशी आमचं सामान बंदरात अडकलं होतं, तर स्वतःचा कुकर आणि वरण-भाताचे डबे घेऊन दारात उभे. पण डासांचा विषय निघाला की एकच वाक्य: "हे सगळे जांग्वानीचे डास. वाऱ्याबरोबर येतात."

जांग्वानी म्हणजे म्सिंबाझी नदीचा सखल पट्टा. तिथे माणसं दाटीवाटीने राहतात, वाफे करून मचिचा लावतात (आपला माठच समजा) आणि पाऊस जोराचा झाला की घरात पाणी शिरतं. त्यामुळे वरच्या बिल्डिंगांमधल्या लोकांना बोट दाखवायला सोयीचं ठिकाण.

२०१४ चा मसिका, म्हणजे मार्च ते मेचा मोठा पाऊस, चांगलाच झोडपून गेला. एप्रिलमध्ये पूर आला. शहरात डेंग्यू जानेवारीपासून होताच, त्या वर्षी हजाराच्या वर लोकांची तपासणीत खात्री झाली आणि त्यातले बहुतेक दारचेच. पण आमच्या बिल्डिंगमध्ये डेंग्यू हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. मे महिन्यात एका मंगळवारी नवरा ऑफिसातून दुपारीच आला आणि बूट न काढता आडवा झाला. ताप १०३. जवळच्या दवाखान्यात बोटातून रक्त घेतलं, दहा मिनिटांत चिठ्ठी हातात: मलेरिया, टू प्लस (रक्तात जंतू किती दिसले त्याची खूण). चोवीस गोळ्यांचा कोर्स. तिथे त्याला 'मसेटो' म्हणतात, तीन दिवसांचा असतो. तीन दिवस झाले, ताप तसाच. काका खाली भेटले, म्हणाले, "दुसरा कोर्स सुरू करा, इथला मलेरिया चिवट असतो, आम्ही तीस वर्षं बघतोय." आणि मी मूर्खासारखी दुसरं पाकीट आणून ठेवलं.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, डोळ्यांच्या मागे कुणीतरी अंगठा रुतवून धरलाय असं वाटतंय. पाठीवर घामोळ्यासारखं पुरळ. मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं. प्लेटलेट ४८,०००. डेंग्यू. मलेरियाचा जंतू तिथल्या तपासणीत सापडलाच नाही. ती 'टू प्लस'ची चिठ्ठी अजून माझ्या फाइलीत आहे.

दारमध्ये तेव्हा कुठल्याही तापाला मलेरिया म्हणायची सवय होती, आपल्याकडे छातीत काही झालं की अ‍ॅसिडिटी म्हणतात तशी. प्रत्यक्षात शहरातला मलेरिया बराच उतरलेला होता. २०१७ च्या सरकारी पाहणीत दारमधल्या पाच वर्षांखालच्या मुलांत मलेरिया साधारण १ टक्का निघाला, तर त्याच देशाच्या पश्चिमेला किगोमात २४ टक्के. तेव्हा 'आफ्रिकेतला मलेरिया' म्हणून घाबरवणाऱ्यांना विचारा, आफ्रिकेत कुठला?

आता मुद्द्याची गोष्ट. नवरा घरी आल्यावर आठवड्याभरात म्टाच्या, म्हणजे आपल्या वॉर्डाहून लहान अशा गल्ली-मोहल्ल्याच्या, कार्यालयातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, खांगा नेसलेल्या, हातात टॉर्च, वही आणि लांब दांड्याचा पांढरा डाव. २००४ मध्ये दारमध्ये शहरी मलेरियाविरोधी कार्यक्रम सुरू झाला होता. गल्लीतल्याच लोकांना पगार देऊन दर आठवड्याला साचलेलं पाणी तपासायला लावायचं आणि त्यात अळ्या मारणारे जिवाणू, ते बीटीआय, टाकायचे. २००६ ला तीन वॉर्डांत फवारणी सुरू झाली: बुगुरुनी, कुरासिनी, मिकोचेनी. या बाई बुगुरुनीच्या, त्यात काम केलेल्या. त्यांची नजर मला अजून आठवते. बाहेरच्या गटाराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ माझ्या बाल्कनीत गेल्या आणि तुळशीच्या कुंडीखालची ताटली उचलली.

मी मोडक्यातोडक्या स्वाहिलीत म्हटलं, ते देवाचं आहे. त्या हसल्या. माझ्याकडून पांढरी वाटी मागून घेतली, ताटलीतलं पाणी हळूच त्यात ओतलं आणि टॉर्च धरला. आधी मला काहीच दिसेना, नितळ पाणी. मग वाटीला बोटाने टिचकी मारली, आणि पंधरा-वीस तपकिरी दोरे एकदम वळवळत तळाशी गेले. थोड्या वेळाने एकेक करून वर आले आणि शेपटी पृष्ठभागाला लावून डोकं खाली करून लटकले. "विलुविलुवी," त्या म्हणाल्या. अळ्या. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या वर आडवी पडून राहते, ही लटकते, म्हणजे ही डेंग्यूवाली जात किंवा गटारवाली. आणि नितळ ताटलीत असल्यावर गटारवाली कुठून असणार?

रोज अंघोळ करून मी त्या तुळशीला पाणी घालत होते. आणि ताटली आठवड्यातून एकदाही ओतत नव्हते. अंडं ते डास, आठ-दहा दिवस पुरतात.

मग त्या म्हणाल्या, गच्ची. किल्ली काकांकडे. काका म्हणाले, वर शेवाळ आहे, बायकांनी जाऊ नये. मग म्हणाले, किल्ली फुंडीकडे आहे (प्लंबर, सुतार, मिस्त्री सगळ्यांना तिथे फुंडीच) आणि फुंडी मोशीला गेलाय. बाई वहीत काहीतरी लिहून गेल्या. मी रविवारी काका देवळात गेल्यावर वॉचमनला गाठलं. किल्ली त्याच्या खिशातच होती.

वर आठ सिमटँक, त्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. तिघींना झाकण नाही. एक झाकण कुठे गेलं ते कळलं नाही, एक फुटून कोपऱ्यात पडलेलं, आणि तिसऱ्यावर वॉचमनने दगा, म्हणजे चिमुकली मासळी, उन्हात वाळत घातलेली. छान चकचकीत, ओळीत मांडलेली. त्याला काय बोलणार? त्याला ते ताट वाटलं. टाकीत डोकावले तर आत कडेकडेने तेच दोरे, शेकड्यांनी. त्याच पाण्यात सोळा घरं दात घासत होती.

एवढ्या टाक्या कशाला, असं तुम्हाला वाटेल. दारमध्ये पाण्याचा 'म्गाओ' असतो, पाळी. रुवू नदीवरून नळाला येणारं पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून अख्खं शहर पाणी साठवतं. मान्झेसेच्या गरीब वस्तीत पिंप आणि बादल्या, उपांगात सिमटँक, मसाकीत जमिनीखालच्या टाक्या आणि मालक परदेशी गेल्यामुळे हिरवे पडलेले स्विमिंग पूल. एडिसला, म्हणजे त्या डेंग्यूवाल्या डासाला, भाडं किती आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याला शहाळ्याची करवंटी चालते, टायर चालतो, फ्रिजच्या मागचा ट्रे चालतो. तेव्हा तुमच्या 'कुठला भाग' या प्रश्नाला माझं उत्तर हे असं अर्धवट आहे. फार तर एवढं सांगते, म्सिंबाझीच्या अगदी काठाचं आणि तळमजल्याचं घर नको, पण ते पुरासाठी.

पुढच्या रविवारी मीटिंग झाली. मी फोटो दाखवले. काका शांतपणे म्हणाले, "आधी तुमच्या तुळशीची ताटली बघा." सगळे हसले. त्यांना बाईंच्या वहीतलं कुणी सांगितलं देव जाणे. ठराव झाला की म्युनिसिपालिटीला जांग्वानीच्या बाजूला धुराची फवारणी करायला पत्र लिहायचं. मी माझ्या दोन जुन्या सुती साड्या दुहेरी करून तीन टाक्यांच्या तोंडाला सुतळीने घट्ट बांधल्या. चार दिवसांनी त्या खाली माझ्या दारात घडी घालून ठेवलेल्या मिळाल्या. वरून धोबीघाट दिसतो म्हणे.

एडिस साधारण शे-दोनशे मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. जांग्वानी आमच्यापासून चालत वीस मिनिटं. हे मी तेव्हाही सांगत होते. आणि गिरगावच्या माणसाने तरी हे बोलू नये! मुंबईत १९११ मध्येच डॉ. बेंटली यांनी अहवाल दिला होता की शहरातला मलेरिया घरोघरच्या विहिरी-टाक्यांतल्या डासांमुळे आहे. त्यानंतर विहिरी बुजवण्या-झाकण्यावरून केवढा वाद झाला. तो टाकीतला मलेरियाचा डास, अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी, आपल्याकडचा. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडला, मग इथिओपियात, आणि आता केनियातही. आफ्रिकेतले मलेरियाचे जुने डास शहरात जरा बिचकतात, हा शहरातच वाढलेला. म्हणजे कोण कोणाकडे डास पाठवतंय, तुम्हीच ठरवा.

आता तुमच्या कामाचं. जूनमध्ये जाताय, म्हणजे पाऊस संपलेला असेल, डास कमी दिसतील आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. एडिसची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून कोरडी कित्येक महिने टिकतात, नोव्हेंबरच्या आसपास 'वुली'चा पाऊस पडला की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतू नका, कडा काथ्याने घासा. मुलीला मच्छरदाणी रात्री लावालच, दुपारच्या झोपेलाही लावा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, आणि बहुधा घोट्याला. बालवाडी ठरवताना तिथल्याही टाक्या बघा. लोक वेड्यात काढतील, काढू देत. ताप आला तर रॅपिड टेस्टशिवाय मसेटो घ्यायचा नाही, आणि मलेरिया निगेटिव्ह आला तर डेंग्यूची तपासणी मागून घ्यायची. तोवर पॅरासिटामॉलच, अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगायला हवं होतं. आणि शहरातला मलेरिया कमी म्हणजे नाही असं नव्हे. मोरोगोरोकडे, किगोमा-म्वांझाकडे फिरायला जाणार असाल तर जाण्याआधी डॉक्टरांना प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा.

आणखी एक, हे लिहायला जिवावर येतंय. गटारं निर्दोष नाहीत. प्लास्टिकने तुंबलेल्या गटारांत आणि संडासाच्या खड्ड्यांत क्युलेक्स होतो, रात्रभर कानाशी भुणभुणणारा. शहरात हत्तीरोग मुख्यतः तोच पसरवतो. तुंबलेल्या गटारांत आणि मचिच्याच्या वाफ्यांमधल्या चरांत मलेरियाचे डासही दारमध्ये सापडलेत. पण त्याचा त्रास आधी तिथे राहणाऱ्यांना होतो, आम्हाला नाही. नवऱ्याला चावलेला डास टाकीतला, ताटलीतला की ऑफिसातला, हे मला सिद्ध करता येणार नाही.

२०१९ ला दारमध्ये पुन्हा डेंग्यू आला, सहा हजारांच्या वर रुग्ण. मी तेव्हा कोथरूडला परत आले होते. जुन्या बिल्डिंगमधल्या दोघांना झाल्याचं फोनवर कळलं.

काका, तुम्ही इथे येऊन वाचता हे मला माहीत आहे, गेल्या वर्षी माझ्या उकडीच्या मोदकांच्या उत्तराखाली तुम्हीच चूक काढली होती. ताटली माझी होती, ते मी तेव्हाही मान्य केलं होतं. जिन्याच्या बाजूच्या टाकीला झाकण बसवलंत का?