पडद्यावरचा युद्धकैदी आणि त्याचा पहारेकरी

प्रश्न: आमचं तरुण मंडळ यंदा गणपतीत १९७१च्या युद्धावर एकांकिका बसवतंय. शत्रूचा अधिकारी पकडलेल्या मेजरच्या खांद्यावरची पदचिन्हं उपटतो, थोबाडीत मारतो, दगड फोडायला लावतो. मेजर फक्त ‘नाव, हुद्दा, नंबर’ एवढंच सांगतो. गावातले निवृत्त सुभेदार म्हणतात, हे सगळं सिनेमातलं आहे. खरं कसं दाखवावं? (खानापूर तालुका)

उत्तर: सुभेदारसाहेबांना तालमीला बोलवा. १९७१ साली भारत आणि पाकिस्तान दोघेही युद्धकैद्यांना कसं वागवायचं ते ठरवणाऱ्या १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराला बांधील होते. त्यानुसार कैद्यानं चार गोष्टी सांगायच्या असतात: पूर्ण नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि लष्करी क्रमांक. तुमचा संवाद दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटांतून आला आहे. तेव्हा १९२९चा करार लागू होता आणि त्यात जन्मतारीख नव्हती.

झडतीचा प्रसंग असा बसवा. शस्त्रं, लष्करी सामान आणि लष्करी कागद काढून घ्यायचे. हेल्मेट, कपडे, जेवणाचं भांडं आणि पदचिन्हं कैद्याकडेच राहतात. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमानं, वहीत नोंद करून, पावती देऊन. पावतीवर लिहिणाऱ्याचं नाव, हुद्दा, पलटण वाचता येईल अशी हवी. टेबल, वही आणि पेन्सिल घेऊन बसलेला कारकून, एवढ्यावर हा प्रसंग उभा राहतो.

मेजरला दगड फोडायला लावता येत नाही. अधिकाऱ्यावर कामाची सक्ती नसते आणि हवालदारावर फक्त देखरेखीची असते. मजुरीला जुंपता येतं ते शिपायाला, तेही तब्येत बघून. सॅल्यूटही जपून. कैदी शिपाई शत्रूच्या प्रत्येक अधिकाऱ्याला सॅल्यूट करतो, कैदी अधिकारी मात्र आपल्याहून वरच्यालाच. अपवाद छावणीच्या कमांडंटचा. तो कॅप्टन असला तरी मेजरनं त्याला सॅल्यूट करायचा. थोबाडीत मारण्यापेक्षा या एका सॅल्यूटमध्ये जास्त नाट्य आहे.

मारहाण दाखवूच नका, असं नाही. करार मोडला जातो. पण तो मोडला जातोय हे प्रेक्षकाला कळायला हवं. त्यासाठी रेड क्रॉसचा प्रतिनिधी आणा. त्याला कैद्याशी साक्षीदाराविना बोलायचा हक्क असतो, म्हणजे पहारेकऱ्यानं खोलीबाहेर जायचं. तो उंबऱ्यात रेंगाळला तर कैदी काय बोलेल आणि काय गिळेल, तिथे तुमचा प्रवेश आहे.

आणि एक वस्तू नक्की करून घ्या: घरच्यांना जाणारं कार्ड. कराराला जोडलेल्या नमुन्याप्रमाणे ते १५ बाय साडेदहा सेंटिमीटरचं. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत ते लिहू द्यावं लागतं. त्यावर तब्येतीचे पर्याय छापलेले असतात: बरा, जखमी नाही, आजारी, किरकोळ जखमी, गंभीर जखमी. लागू नसेल ते खोडायचं, स्वतःचा शेरा लिहायचा नाही. गंभीर जखमी जवान आईला काळजी नको म्हणून कोणता शब्द खोडतो, एवढं दाखवलंत तरी मांडव गप्प होईल.

प्रश्न: पळून जाण्याचे सिनेमे कितपत खरे? पुन्हा सापडलेल्याला गोळीच घालतात का? (निपाणी)

उत्तर: गोळी घालणं हा गुन्हा आहे. फसलेल्या पलायनाला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, जास्तीत जास्त ३० दिवस. पळण्यासाठी साधे कपडे घातले, खोटे कागद केले, तरी तेवढीच. पळणाऱ्यावर गोळीबार हा शेवटचा उपाय, आणि आधी इशारा द्यावाच लागतो.

‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) ज्यावर बेतला ते पलायन मार्च १९४४चं, तेव्हा जर्मनीत असलेल्या सागान इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीतलं. भुयार सुमारे ९ मीटर खोल आणि १०० मीटरहून लांब. माती ढासळू नये म्हणून खाटांच्या फळ्या, हवेसाठी दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे जोडून केलेली नळी. खरी अडचण खणण्याची नव्हतीच. खालची वाळू पिवळी, वरची माती करडी, म्हणून विजारीत पिशव्या लपवून ती थोडी थोडी सांडत फिरावं लागे. हे चित्रपटात चांगलं आलं आहे. मोटारसायकलचा पाठलाग मात्र रचलेला. बाहेर पडले ७६, घरी पोचले ३. पकडलेल्या ७३ पैकी ५० जणांना हिटलरच्या हुकमानं मारलं. चित्रपटात ते एका माळावर एकत्र मारले जातात, प्रत्यक्षात गेस्टापोनं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, छोट्या गटांत, वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन मारलं.

आपल्याकडची घटना ऑगस्ट १९७२ची. दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि सिंहजी हे वैमानिक रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलपर्यंत पोचले. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालेलं. नकाशा जुना, संशय लगेच आला आणि तिघं पकडले गेले. पलायन बहुतेकदा अशा बारीक चुकीनं फसतं.

प्रश्न: पकडणारा नेहमी राक्षस नाही तर खानदानी साहेब असा का? (बेळगाव, टिळकवाडी)

उत्तर: लेखकाला दोन माणसांची टक्कर सोपी जाते, यंत्रणा दाखवणं अवघड. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) मध्ये जपान्यांच्या कैदेतला इंग्रज कर्नल हट्टानं शत्रूचाच पूल बांधून देतो. प्रत्यक्षातले कर्नल फिलिप टूझी माणसं वाचवत होते आणि जमेल तिथे काम बिघडवत होते, लाकडात वाळवीसुद्धा सोडत होते. चित्रपटातले जपानी इंजिनिअर अडाणी आहेत, खरे तरबेज होते. तो पूल ज्या सयाम-ब्रह्मदेश (थायलंड-म्यानमार) रेल्वेवरचा, ती ४१५ किलोमीटरची. ती बांधताना १२,००० हून अधिक दोस्त राष्ट्रांचे कैदी मेले आणि आशियाई मजूर त्याच्या कित्येक पट. मलायाच्या रबरमळ्यांतले तमिळ मजूर त्यात होते, पडद्यावर ते जवळजवळ नाहीतच. पहाऱ्यावर बरेच कोरियन होते, जपानी सैन्यात सगळ्यांच्या पायाखालचे. वरून मार खाणारा खाली मारतो. त्याची क्रूरता माफ होत नाही, पण ती कुठून येते ते कळतं.

प्रश्न: बेळगावच्या मराठा पलटणींचे जवान कधी कैदी झाले होते का? (येळ्ळूर)

उत्तर: हो. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमारा इथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर सुमारे १३,००० सैनिकांनी तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. रसद संपत आली तेव्हा घोड्याचं मांस शिजू लागलं. भारतीय शिपायांनी ते धर्मापायी बरेच दिवस नाकारलं आणि ताज्या भाजीअभावी त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. अशा खंगलेल्या माणसांना वाळवंटातून पायी नेलं. अधिकाऱ्यांची वाट आणि वागणूक वेगळी होती. कुणी यावर पटकथा लिहिणार असेल तर सुरुवात त्या शिजलेल्या मांसापासून करा, ते पुढ्यात असताना न खाणाऱ्या शिपायापासून.