रोज चालवायच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला अंडरड्राइव्ह पुली बसवावी का?

बसवू नका. गाडी रोज नाशिकच्या गंगापूर रोडवरून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जाते, सुट्टीला कसारा घाट, आणि पुलीने पॉवर वाढते असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंडरड्राइव्ह पुली म्हणजे क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावरची, नेहमीपेक्षा लहान पुली. ती लहान केली की इंजिनच्या त्याच आरपीएमला तिच्यावरचा बेल्ट हळू पळतो, त्यावरचे पंप वगैरे हळू फिरतात आणि वाचलेली ताकद चाकांकडे जाते. हायड्रॉलिक स्टेअरिंगच्या जुन्या गाड्यांत हा हिशोब थोडाफार जमतो. तुमच्या २.० टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिनाच्या गाडीत स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे आणि वॉटर पंप बॅलन्स शाफ्टवरच्या (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्यावरच्या) वेगळ्या छोट्या बेल्टवर चालतो. मग मुख्य बेल्टवर उरलं काय? अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज तयार करणारा जनरेटर, आणि एसीचा कॉम्प्रेसर.

अल्टरनेटर किती ताकद खातो हे मुख्यतः गाडी किती वीज मागते यावर ठरतं. हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटर फॅन यांची भूक तेवढीच राहते. हळू फिरवला तर तेवढीच वीज काढायला त्याला टॉर्क जास्त लागतो. वाचतं ते किरकोळ घर्षण. उलट आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, फटका बसतो. समजा आज अल्टरनेटर २४०० आरपीएमने फिरतोय. २० टक्के लहान पुलीवर तो १९२० वर येईल. मे महिन्यात द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये एसी आणि रेडिएटर फॅन दोन्ही चालू असताना बॅटरी भरायच्या ऐवजी उतरू लागते. कॉम्प्रेसरही हळू फिरतो, त्यामुळे उभ्या गाडीत गारवा कमी.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. माझं काम टर्निंगचं, क्रँकच्या जुन्या पुल्या आडव्या कापून पाहिल्यात. आत लोखंडी हब, बाहेर जड रिंग आणि दोघांच्या मध्ये रबराचा काळा पट्टा. प्रत्येक सिलिंडर फायर होताना क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. ठरावीक आरपीएमला ही थरथर वाढत जाते, ती हे रबर आणि रिंग मिळून शोषून घेतात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हलक्या पुल्या सबंध ॲल्युमिनियमच्या असतात, त्यात थरथर शोषणारा हा डँपर नसतोच. इंजिन चटकन रेव्ह होतं हे खरं, पण थरथर सगळी क्रँक, टायमिंग चेन आणि ऑइल पंपाच्या ड्राइव्हवर जाते. अंबडला लेथवर अशी पुली कोणीही करून देईल. रबराचा डँपर जुळवून देणारा मिळणं अवघड.

तेच पैसे चांगल्या टायरमध्ये, ब्रेक पॅड आणि ताज्या ब्रेक फ्लुइडमध्ये घाला. घाटात फरक लगेच कळेल.

आणि आहे ती पुली तपासा. उजवं पुढचं चाक आणि त्यामागचं प्लॅस्टिकचं आवरण (लायनर) काढून टॉर्चने रबराला भेगा आहेत का बघा. हबपासून रिंगपर्यंत पांढऱ्या पेंटची सरळ रेघ ओढून ठेवा. महिन्याभराने रेघ मधेच सरकलेली दिसली तर रबर सुटलंय. पुली ओरिजिनलच घालून बदला.