ठशांचा रिपोर्ट बाजूला ठेवा, मुलीला विचारा

प्रश्न : मुलगी ठाण्याच्या कॉलेजात बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. जेईईच्या क्लासची फी भरून झाली. गेले काही महिने ती ऑनलाइन कॉग्निटिव्ह सायन्सचे प्राथमिक धडे ऐकते आणि आता ‘मनाचा अभ्यास करायचाय, इंजिनीअरिंग नको’ म्हणते. बोटांच्या ठशांवरून करतात ती डीएमआयटी टेस्ट केली. त्यात ‘डावा मेंदू प्रबळ, कल इंजिनीअरिंगकडे’ असं आलंय. वेड्यांवर उपचार करण्यात तिनं आयुष्य घालवू नये, एवढीच इच्छा. ती ऐकत नाही, तुम्ही समजवा. – एक पालक, घणसोली

उत्तर : तुमच्या पत्रात फी आहे, रिपोर्ट आहे, तुमची इच्छा आहे. मुलीला त्या धड्यांतलं नेमकं काय आवडलं, हे कुठेच नाही. मला काळजी वाटते ती याची. बारावीतली मुलगी जेईईचा क्लास सांभाळून, कुणी न सांगता, महिनोन् महिने एक विषय ऐकते आणि ‘काय सांगतात गं त्यात?’ असं विचारण्याआधी घरचे तिचे ठसे घेऊन मोकळे होतात! वर समजावण्याचं काम बाहेरच्या माणसाकडे. ते मी करणार नाही. आणि फी गेली ती गेली. ती वसूल व्हावी म्हणून पुढची चार वर्षं घालवणं हा हिशेब कुठल्या दुकानदारालाही पटणार नाही.

आता तो रिपोर्ट. ठशांच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि तशाच राहतात; मेंदूतल्या जोडण्या शिकण्यानं आयुष्यभर बदलतात. रेषा मोजून कल कळतो, याला शास्त्रीय आधार नाही. ‘डावा मेंदू, उजवा मेंदू’ हा प्रकार म्हणजे मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांच्या संशोधनाची झालेली बाजारू नक्कल. अपस्माराच्या (फिट्सच्या) काही रुग्णांमध्ये मेंदूच्या दोन गोलार्धांना, म्हणजे डाव्या-उजव्या अर्ध्या भागांना, जोडणारा तंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेनं कापलेला होता. अशा रुग्णांवरच्या प्रयोगांतून काही कामांत दोन गोलार्ध वेगळे वागतात हे स्पेरींनी दाखवलं आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भाषेचं बरंचसं काम बहुतेकांच्या डाव्या गोलार्धात चालतं, हेही खरं. पण तुमच्या मुलीचा पट्टा शाबूत आहे, गणित सोडवताना तिचे दोन्ही गोलार्ध राबतात. ‘डाव्या मेंदूची माणसं’ अशी जातच नसते. हा रिपोर्ट का टिकत नाही हे जो विषय शिकवतो, नेमका तोच ती मागते आहे.

‘वेड्यांवर’ हा शब्द घरातून काढून टाका. उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर एमडी करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कॉग्निटिव्ह सायन्सचं काम वेगळं : लक्ष, स्मृती, भाषा, निर्णय या गोष्टी मन कशा करतं, हे प्रयोग, संख्याशास्त्र आणि संगणकी मॉडेलं वापरून शोधायचं. मुलं विज्ञान कशी शिकतात याचा अभ्यास खाडीपलीकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चालतो.

आणि मुळात तुमच्या घरातलं भांडणच फुकाचं आहे. आपल्याकडे या विषयाचं मुख्य दार पदवीनंतर उघडतं : आयआयटी गांधीनगरची एमएस्सी, आयआयटी कानपूरचा विभाग, अलाहाबाद विद्यापीठाचं केंद्र. गांधीनगरला कुठल्याही शाखेची पदवी चालते. म्हणजे कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, संख्याशास्त्रातली बीएस्सी, मानसशास्त्रातली बीए, तिन्ही वाटा तिकडे जातात. जेईई, सीईटी द्यायची तर देऊ द्या. गणित मात्र सुटू देऊ नका. ते टाळायला बीए घेतलेल्यांची पुढे संख्याशास्त्र आणि पायथन या संगणकी भाषेपाशी गाडी अडते. नोकरीचं स्पष्ट सांगतो : या पदवीच्या नावानं जाहिराती क्वचितच दिसतात. अॅप लोक कसं वापरतात हे तपासणारं यूएक्स रिसर्च, नाहीतर पीएचडी, एवढे मुख्य रस्ते.

पुढचं मुलीला वाचायला द्या.

व्हिडिओ ऐकणं वेगळं आणि हा विषय करणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग घरी कर. एका कागदावर स्केचपेननं लाल, निळा, हिरवा, काळा असे चाळीस चौकोन रंगव. पिवळा नको, पांढऱ्यावर नीट दिसत नाही. दुसऱ्यावर याच रंगांची नावं चाळीस वेळा लिही, पण प्रत्येक नाव भलत्याच रंगात. एकच रंग लागोपाठ दोनदा नको. घड्याळ लावून समोरच्यानं एका कागदावर चौकोनांचे रंग सांगायचे, दुसऱ्यावर शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. चुकला तर सुधारून पुढे जायचं, घड्याळ थांबवायचं नाही. स्ट्रूप यांच्या विद्यार्थ्यांना शंभर चौकोनांना सरासरी ६३ सेकंद लागली, शब्दांना ११०. वीस जण घे. लाल-हिरव्यात गोंधळ होतो का, हे आधी विचार. दहा जणांना शब्दांचा कागद आधी दे, नाहीतर सरावाचा फायदा एकाच कागदाला मिळेल. मग तेच शब्द इंग्रजीत लिहिलेला तिसरा कागद कर, उत्तर मराठीतच घे, आणि मराठी माध्यमात शिकलेल्यांची व इंग्रजी माध्यमवाल्यांची अडखळ, म्हणजे चौकोनांपेक्षा शब्दांना लागलेला जादा वेळ, वेगळी येते का बघ. तिन्ही कागदांचा क्रमही आलटून पालटून ठेव. सरासऱ्यांची तुलना करण्याआधी प्रत्येकाचा स्वतःचा फरक काढ.

पंधराव्या माणसाला घड्याळ लावतानाही आकड्यांची उत्सुकता टिकली, तर वडिलांपुढे तो तक्ता ठेव. कंटाळा आला आणि गोड वाटलं ते फक्त ऐकणं, तर विषय वाचत राहा, पदवी दुसरी घे.