वर्ग बदलला, पण नोंद बदलली का?

प्रश्न : मॅडम, मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. ऑनलाइन निवडीत मला ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) म्हणून रसायनशास्त्राचा पेपर मिळाला. मला मानसशास्त्र हवं होतं. मानसशास्त्राच्या सरांना भेटले तर ते म्हणाले, "जागा आहे, ये, बस वर्गात." तेव्हापासून मी त्यांच्याच तासांना बसते. चाचणी दिली, असाइनमेंट दिली. आता परीक्षेचा फॉर्म उघडला तर त्यात रसायनशास्त्रच दिसतंय. ऑफिसात विचारलं तर "आता काही होणार नाही" म्हणाले. मुदत चार दिवसांनी संपते. काय करू?
*एक विद्यार्थिनी, प्रथम वर्ष वाणिज्य*

उत्तर : आधी या चार दिवसांचं बोलू.

आजच अर्ज लिही. प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत. विषयाच्या ओळीत लिही: 'ओपन इलेक्टिव्ह बदलाची नोंद परीक्षा अर्जात होण्याबाबत'. मजकूर लांबवू नकोस. तुझं पूर्ण नाव, तुकडी, रोल नंबर, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक). आता नोंदलेला पेपर आणि हवा असलेला पेपर, दोन्ही कोडसकट. आणि कोणत्या तारखेपासून तू त्या वर्गाला बसतेस ते. कोड विसरू नकोस. सारख्या नावाचे दोन पेपर, एक दोन क्रेडिटचा नि एक चार क्रेडिटचा, असं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि टेबलावरचा माणूस पेपर नावाने शोधत नाही, कोडने शोधतो. सोबत असाइनमेंटच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोड.

मग सरांकडे जा आणि अर्जाखालीच त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घे: विद्यार्थिनी अमुक तारखेपासून वर्गात हजर आहे, अंतर्गत गुण विभागाकडे आहेत, वर्गात जागा आहे. खाली सही आणि तारीख. सर कदाचित म्हणतील, "मी फोन करून सांगतो." त्यांना नम्रपणे सांग, "सर, फोन कराच, पण एवढं लिहूनही द्या." फोनवरचं बोलणं फाइलला लागत नाही.

अर्जाच्या दोन प्रती काढ. एक आवक टेबलावर द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवायची. शिक्का न मारता कुणी "ठेव इथे" म्हणालं, तर तिथून हलू नकोस. ती पोच म्हणजे तू मुदतीच्या आत मागणी केली होतीस याचा एकमेव पुरावा आहे.

आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा राहू देऊ नकोस. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर आहे त्या विषयांसह फॉर्म भर आणि त्याच दिवशी दुसरा अर्ज दे, की पहिल्या अर्जावरचा निर्णय प्रलंबित असल्याने फॉर्म भरला आहे, विषयाची दुरुस्ती व्हावी. कॉलेजने पत्र दिलं तर परीक्षा विभागाकडून नंतरही दुरुस्ती होऊ शकते. फॉर्मच भरला नाही, तर एका पेपरच्या वादात सगळं सत्र अडकेल.

एक गोष्ट तुझ्या बाजूने भक्कम आहे. महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. तू वाणिज्यची, मानसशास्त्र मानव्यविद्येतलं. म्हणजे निवडीत गैर काही नाही. राहिली आहे ती फक्त नोंद.

हे असं का होतं, ते सांगते, कारण दर वर्षी याच कारणाने मुली रडत खिडकीशी येताना मी पाहिल्या आहेत. मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं टेबलही सांभाळलं आणि परीक्षेचंही. सत्राच्या सुरुवातीला शिक्षकांच्या हातात हजेरीपट जातो, तो संगणकातून छापून आलेला असतो. त्याच्या शेवटी, छापील नावं संपली की, पेनाने लिहिलेली पाच-सात नावं असतात. शिक्षकांनी प्रेमाने घेतलेली मुलं ती. ती रोज हजेरी देतात, चाचणीचे गुणही त्याच पानावर चढतात. पण ते पान विभागाच्या कपाटात राहतं. परीक्षेच्या फॉर्मला, हॉल तिकिटाला, गुणपत्रिकेला जी यादी जाते ती ऑफिसच्या संगणकातली, आणि तिथे पेनाने लिहिलेलं नाव नसतं.

शिक्षक सांगू शकतात की तुझ्यासाठी काय बरं. ते शक्य आहे का, हे ऑफिस सांगतं आणि तेच नोंदवतं. विद्यार्थी एका ठिकाणी जाऊन आला की काम झालं असं समजतो, आणि दोन्हीकडची माणसं समजतात की दुसऱ्याने केलं असेल. मला या व्यवस्थेचा राग आहे. दोन टेबलांमधलं अंतर अठरा वर्षांच्या मुलीने का कापावं? पण आज ते तुलाच कापायचं आहे.

"आता काही होणार नाही" या वाक्याने खचू नकोस. पुष्कळदा त्याचा अर्थ 'हे माझ्या अधिकारात नाही' एवढाच असतो. तेव्हा भांडू नकोस, पुढचा प्रश्न विचार: "मग हे कुणाच्या अधिकारात आहे?" उत्तरात परीक्षा विभागप्रमुख, उपप्राचार्य, कुणीतरी निघतंच. तिथेही नकार आला, तर तो लेखी माग. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2023 च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायला हवा. त्यावरही समाधान झालं नाही, तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. चार दिवसांत हा मार्ग पुरा पडणार नाही, हे खरं. म्हणून वाईट वाटलं तरी रसायनशास्त्राच्या नोट्स आजच कुणाकडून तरी घे. निर्णय विरुद्ध गेला तर किमान पेपर पास होशील, आणि पुढच्या सत्रात ओपन इलेक्टिव्ह निवडताना मानसशास्त्र पहिल्या दिवशी मागता येईल.

प्रश्न : मी बी.ए. प्रथम वर्षाला, मेजर (मुख्य विषय) राज्यशास्त्र. प्रवेशाच्या वेळी अर्थशास्त्राची जागा नव्हती. दुसरं सत्र चालू आहे. मेजर बदलता येतो का? मेंटॉर (मार्गदर्शक शिक्षक) मॅडमना विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, "तुला काय वाटतं?" मी आणखीच गोंधळलो.
*एक विद्यार्थी, प्रथम वर्ष कला*

उत्तर : येतो, आणि त्याची वेळ पहिलं वर्ष संपताना असते. यूजीसीने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा जो श्रेयांक (क्रेडिट) आराखडा दिला, त्यात व्यापक विद्याशाखेच्या आत मेजर बदलण्याची मुभा आहे, आणि त्यासाठी मंजूर संख्येच्या वर 10 टक्के जागा वाढवता येतात. जागांपेक्षा मागणारे जास्त असतील, तर पहिल्या वर्षाचा सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) बघतात आणि त्या वर्षाचा एकही विषय न राहिलेल्यांना प्राधान्य देतात. म्हणजे तुझ्या हातात आज सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते दुसऱ्या सत्राचे पेपर. एक एटीकेटी लागली, म्हणजे एक विषय राहिला, तरी तू रांगेत मागे पडशील. नको असलेल्या विषयाचाच अभ्यास आता मनापासून करावा लागणार आहे. तुझ्या विद्यापीठाने हा नियम कसा लावला आहे, अर्ज कधी निघतो, हे ऑफिसात आत्ताच विचार. निकालानंतर खिडकी फार थोडे दिवस उघडी असते.

मेंटॉर मॅडमचा प्रश्न चुकीचा नाही. पण रिकाम्या हाताने गेलं की सल्ला देणाऱ्यालाही धरायला काही मिळत नाही. पुढच्या वेळी पहिल्या सत्राची गुणपत्रिका घेऊन जा आणि अर्थशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम डाउनलोड करून, वाचून जा. तो वाचताना पेपरचं नाव पाहून पुढे जाऊ नकोस, क्रेडिटचा रकाना बघ. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास, पण प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. दोन क्रेडिटची थिअरी 30 तासांत आटपते, दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल 60 तास घेतं. कागदावर दोन्हींसमोर '2' लिहिलेलं असतं, आणि मुलं त्या आकड्याला फसतात. मग संख्याशास्त्र आणि गणिती पद्धतींचे पेपर शोध, त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून काढ आणि एक घरी बसून सोडवून बघ. अर्थशास्त्राची आवड वर्तमानपत्र वाचून लागलेली असते. हे पेपर पाहिल्यावरही ती टिकते का, ते तुझं तुलाच कळेल.

एवढं केल्यावर मॅडमना मोघम विचारू नकोस. राज्यशास्त्राचे मिळवलेले क्रेडिट बदलानंतर कशात धरले जातील, मायनरमध्ये (दुय्यम विषयात) की आणखी कुठे? अर्थशास्त्राचे पहिल्या वर्षाचे जे पेपर माझे झालेले नाहीत, ते कधी करायचे, आणि दुसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकाशी ते आदळणार नाहीत ना? तिसऱ्या सत्रात कोणता पेपर मुलांना सगळ्यात जड जातो? यांतल्या पहिल्याचं उत्तर विभागाने तोंडी दिलं, तरी ऑफिसातून पक्कं करून घे.

बदल नाहीच मिळाला, तर अर्थशास्त्र मायनर घेता येतं का ते बघ. आपल्याकडच्या आराखड्यात मायनरला 18 ते 20 क्रेडिट असतात. एका विषयाची ओळख पक्की व्हायला ते पुरेसे आहेत. त्यावर एम.ए.ला प्रवेश मिळेल का, हे मात्र जिथे पुढे शिकायचं आहे तिथल्या पात्रतेच्या अटी वाचून ठरव, मित्राच्या सांगण्यावरून नव्हे.

प्रश्न : माझ्या मुलीला कॉलेजने मेंटॉर नेमून दिले आहेत, पण वर्ष होत आलं तरी एकही भेट झालेली नाही. ती संकोची आहे. मी फोन केला तर चालेल का?
*एक पालक*

उत्तर : तुमची काळजी समजते, पण फोन करू नका. मुलगी सज्ञान आहे. तिच्या प्रत्येक अर्जावर सही तिचीच लागणार. तुम्ही बोललात, तर पुढच्या वेळीही शिक्षक तुमच्याच फोनची वाट पाहतील. त्यापेक्षा तिला चार ओळींचा ईमेल लिहायला बसवा: मी अमुक वर्गाची, आपण माझे मेंटॉर आहात, पुढच्या सत्राचे विषय निवडण्याबद्दल दहा मिनिटं हवी आहेत, मंगळवारी किंवा बुधवारी तासांनंतर जमेल का? बोलायला संकोचणारी मुलं लिहिताना बऱ्यापैकी मोकळी होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आठवड्यात उत्तर नाही आलं, तर तिने विभागप्रमुखांना भेटून मेंटॉर बदलून मागावा. मागता येतो, आणि त्यात कुणाचा अपमान नाही. तुम्ही एक करा: घरात तिच्या नावाची फाइल ठेवा. फीच्या पावत्या, अर्जांच्या पोच, गुणपत्रिका, सगळं त्यात.

प्रश्न : कॉलेज बदलायचं आहे. मूळ कागदपत्रं आणि फी परत मिळेल का?
*एक विद्यार्थी*

उत्तर : मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, पडताळणी झाली की मूळ प्रती विद्यार्थ्याला परत द्यायच्या, असं यूजीसीचं म्हणणं आहे. फी किती परत मिळेल ते तू प्रवेश कधी रद्द करतोस यावर ठरतं. 2018 च्या अधिसूचनेत प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी 15 दिवस रद्द केला तर पूर्ण, त्यानंतर टप्प्याटप्प्याने कमी, आणि शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच नाही, असा हिशोब होता. अलीकडे यूजीसीने वर्षागणिक वेगळ्या तारखा जाहीर केल्या आहेत, तेव्हा यंदाचं परिपत्रक काढून बघ. मात्र नव्या कॉलेजात प्रवेश पक्का झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुना रद्द करू नकोस.

प्रश्न : घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर थांबावं लागेल असं दिसतंय. वर्ष वाया जाईल का?
*एक विद्यार्थिनी, प्रथम वर्ष विज्ञान*

उत्तर : नाही. पहिल्या वर्षाचे 40 ते 44 क्रेडिट आणि त्याखेरीज 4 क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पुरी केलीस, तर यूजी सर्टिफिकेट, म्हणजे पदवी नव्हे पण पदवी स्तरावरचं प्रमाणपत्र, मिळतं. पुढे तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. ते जादा 4 क्रेडिट मुलं विसरतात आणि नुसत्या गुणपत्रिका घेऊन निघून जातात. उन्हाळ्यात कॉलेज कोणता अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप देणार आहे, ते आत्ताच विचार.

दुसरं काम आज रात्रीच कर. डिजिलॉकरमध्ये जाऊन अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं तुझं खातं उघड आणि पहिल्या सत्राचे क्रेडिट जमा दिसतात का ते बघ. दिसत नसतील, तर आधी नावाची जुळणी तपास. बारावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव पहिलं असतं, आधारवर ते शेवटी, आणि मधलं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. एवढ्या फरकानेही नोंद अडते. आधारची दुरुस्ती करायची की कॉलेजच्या नोंदीची, हे परीक्षा विभागाला विचारून ठरव आणि तू कॉलेजात आहेस तोवर करून घे. पुढे नोकरीच्या गावाहून एका अक्षरासाठी येणं तुला परवडणार नाही. निघताना ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि ऑफिसचं नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला), दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणि टीसी घे, आणि परत येण्यासाठी अर्ज कोणत्या महिन्यात निघतो ते ऑफिसातून लिहून घे.