एका कानात इअरफोन

"मॅडम, आईला त्या चिनी मालिकांचं वेड लागलंय, काय करू?" समुपदेशनाच्या माझ्या कामात वर्षभरात हे मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली कुणी मोबाईलचा विषय काढला की मीच विचारते, "उभ्या पडद्यावरच्या, फोन उभा धरून बघायच्या, त्या का?" कधी आई असते, कधी सासू, एकदा तर निवृत्त मुख्याध्यापक वडील होते. त्यातल्या एका काकूंची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

आधी मुलगा एकटाच आला. हातात बँकेचं स्टेटमेंट, त्यावर पिवळ्या मार्करच्या रेघा. सात महिन्यांत आठ हजार चारशे रुपये गेले होते, तेही तुकड्यातुकड्यांनी. "रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर हिच्या पांघरुणात उजेड. हे सोडवा हो तिचं."

"त्या नेमकं काय बघतात?"

"फालतू काहीतरी. गरीब मुलगी, अब्जाधीश नवरा, उठसूट थोबाडीत."

"तुम्ही एखादा भाग पाहिलात?"

नव्हता पाहिला. मीही नव्हता. त्या रात्री अभ्यास म्हणून बघायला बसले आणि घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा पावणेएक वाजला होता, एकेचाळिसावा भाग चालू होता. काकूंना नावं ठेवायचा माझा अधिकार तिथेच संपला.

ही रचना मोठ्या हुशारीची आहे. एक-दोन मिनिटांचा भाग, असे साठ ते शंभर. सुरुवातीचे काही फुकट, मग ॲपमधली नाणी विकत घ्या किंवा वर्गणी भरा. हात थोबाडीत मारायला उगारला की भाग संपतो; तो बसतो पुढच्या भागात. चीनमध्ये याला 'त्वान-जू', म्हणजे छोटं नाटक, म्हणतात. तिथे 2024 मध्ये या धंद्याची उलाढाल 5,000 कोटी युआनच्या वर गेली. त्या वर्षीची देशभरातली सिनेमाची तिकीटविक्री होती साधारण 4,250 कोटी. हेंगडियान हे तिथलं चित्रीकरणाचं मोठं गाव. नावातल्या 'हेंग'चा अर्थ आडवा, म्हणून लोक आता गमतीने त्याला 'शूडियान' म्हणतात. 'शू' म्हणजे उभा. तिकडचाच माल हिंदीत डब होऊन आपल्याकडे येतो, आणि आता आपले लोकही त्याच साच्यात मालिका काढू लागलेत.

तिकडच्या लेखकांचा एक आवडता शब्द आहे, 'श्वांग'. अपमान करणाऱ्याचं तोंड बंद झालं की बघणाऱ्याला जे वाटतं ते. आपण म्हणतो ना, "जिवाला कसं गार वाटलं!" अगदी तेच. पन्नाशीच्या सफाई कामगार बाईवर कंपनीचा मालक भाळतो, अशा मालिकांची तिथे लाट आली होती. त्या कुणासाठी होत्या, ते सांगायला नको. तिथल्या मुलांनाही आपापल्या आयांची हीच काळजी आहे. 2024 च्या अखेरीस तिथल्या सरकारी नियामकाने 'दबंग सीईओ' छापाच्या मालिका आवरा, अशी तंबी दिली. मालिका आवरता येतील. गार वाटावं अशी तहान कशी आवरणार, हे मला कळत नाही.

काकू आल्या त्या चोरी पकडल्यासारख्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. "सोडते मी, मॅडम. उद्यापासून बंद."

"बंदचं नंतर बघू. आधी गोष्ट सांगा. कुठवर आलीय?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सांगू लागल्या, आणि काय रंगून सांगतात ही बाई! दोन भेटी मी गोष्टच ऐकली. मला वाटत होतं, यांना श्रीमंतीचं, कुणीतरी जपण्याचं स्वप्न हवंय. साफ चुकले होते. तिसऱ्या भेटीत विचारलं, "पुन्हा पुन्हा कुठला प्रसंग बघता?"

"हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"सगळे जेवायला बसलेत. सासू सुनेला म्हणते, पाणी आण. आणि ती उठत नाही."

"मग?"

"मग काय, ती मोठ्या घरची निघते, सासू पाया पडते, ते तर असतंच. मी तिथेच मागे घेते. ती उठत नाही ना, तेवढंच."

दहा सेकंदांचा प्रसंग. तेवढ्यात त्यांच्या गळ्यातल्या इअरफोनकडे माझं लक्ष गेलं. एक बोंडू झिजून पांढरं पडलेलं, दुसरं नवंकोरं. "एकाच कानात घालता?"

"दुसरा कुकरच्या शिट्ट्यांना लागतो. आणि कुणी हाक मारली तर?" मग थांबून म्हणाल्या, "चौतीस वर्षांत हाक ऐकू आली नाही असं एकदाही झालं नाही." रडल्या नाहीत. पर्सची चेन उघडत-मिटत राहिल्या.

सवयीला घराबाहेर काढण्याआधी ती घरात काय काम करते ते विचारावं, असं माझ्या गुरूंनी शिकवलं होतं. बावीस वर्षं मी तेच करतेय, पण उत्तर इतकं लख्ख क्वचितच मिळतं. ही मालिका दिवसातून दहा सेकंद काकूंच्या वतीने बसून राहत होती.

चौथ्या भेटीला मुलगाही होता. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "अगं, पाणी मी घेतलं असतं."

"घेतलं असतंस रे. पण मी उठायच्या आधी कधी?"

यावर तो काहीच बोलला नाही. मीही मुद्दाम मध्ये पडले नाही.

आता तुमच्या घरचं. पैशाचं आधी उरका, त्यात मानसशास्त्र आणू नका. ॲप काढून टाकलं म्हणजे खात्यातून पैसे कापले जाणं थांबत नाही. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेमध्ये जाऊन ती परवानगी रद्द करावी लागते, प्ले स्टोअरची वर्गणी वेगळी बघावी लागते. हे त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच हाताने करा. फोन हिसकावून घेतलात तर पांघरुणातला उजेड नुसता न्हाणीघरात जाईल.

रात्री थांबायचं असेल तर भाग संपल्यावर थांबायचं ठरवू नका. शेवटी गळ असतोच. भागाच्या मध्यावर थांबा, तिथे ओढ कमी असते. काकूंना हे पटलं, "भाजी अर्धी चिरून ठेवल्यासारखं वाटतं, पण झोप लागते." फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. झोप, जेवण, बोलणं सगळंच आटत चाललं असेल, पैसे लपवून जात असतील, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, तज्ज्ञाला भेटा.

आणि एकदा गोष्ट विचारा. "काय बघतेस?" हा प्रश्न आपण चौकशीच्या सुरात विचारतो. तोच चहा घेताना विचारून बघा, आणि कुठला प्रसंग मागे घेऊन बघतात तेवढं ऐका.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. बघणं बंद नाही, पण रात्री अकराला फोन स्वयंपाकघरात जातो. "मॅडम, काल दोन्ही कानांत घालून एक भाग बघितला. शिट्ट्या मुलाने मोजल्या."

"मग?"

"सात झाल्या तरी मोजतच होता. डाळीची पार पेज झाली."